पत्ता चुकलेले विकर

आमच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, शस्त्रक्रियांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख देण्याची प्रथा आहे. बहुधा तो आमच्या डॉक्टर मंडळींपैकी कोणी लिहितात. यंदा तो प्रशासन कार्यालयाने लिहावा असे ठरले, आणि त्यास कारण विश्वस्त मंडळाच्या बैठकीतील एक प्रश्न.

गोशे रोगाने आजारी असलेल्या मुलांना दर पंधरवड्यास सलाईनमधून औषध देण्यासाठी खाट, परिचारिका आणि शीतकपाट यांचा भार गरीब रुग्ण निधीतून उचलावा, असा प्रस्ताव बैठकीपुढे होता. (या रोगाचे नाव कागदपत्रांत 'गौचर' असेही लिहिलेले आढळते.) आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांचे आयुष्य मालवाहतुकीच्या व्यवसायात गेले, ते म्हणाले, "पैशाबद्दल माझी हरकत नाही. पण रोग पेशीच्या आत आहे असे आपण म्हणता, आणि औषध तर हाताच्या शिरेतून रक्तात सोडता. रक्त सगळ्या अंगभर फिरते. मग माल नेमक्या गोदामात उतरतो हे कशावरून?"

बैठकीत या प्रश्नाचे उत्तर कोणासही देता आले नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे. आवक-जावक, इंडेंट आणि चलन यांपलीकडे आमची धाव नाही. बालरोग विभागातील डॉक्टरांकडून पुढे चार-पाच वेळा हा विषय समजून घेतला, तेव्हा ध्यानात आले की विश्वस्तांनी विचारलेला प्रश्न हाच या रोगाच्या आणि त्याच्या उपचाराच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. शास्त्रज्ञांना त्याचे उत्तर मिळवण्यास काही दशके लागली. ते उत्तर आमच्या समजुतीप्रमाणे येथे मांडीत आहोत. शास्त्रीय भाग डॉक्टरांनी तपासून दिला आहे. मांडणीत काही उणे राहिले असल्यास तो दोष आमचा.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी हे एक स्वतंत्र आवार आहे असे समजावे. आत पडद्यांनी वेगळी केलेली दालने आहेत. केंद्रकात आनुवंशिक माहिती जतन केलेली असते, तंतुकणिकांत ऊर्जा निर्माण होते आणि लयकारिका नावाच्या लहान पिशव्यांत जुन्या, निकामी पदार्थांचे विघटन होते. ही सारी कामे प्रथिने करतात. एका पेशीत प्रथिनांचे अब्जावधी रेणू असतात, आणि जवळजवळ सगळी प्रथिने पेशीद्रवात विखुरलेल्या रायबोझोम या सूक्ष्म यंत्रांवरच तयार होतात. म्हणजे कारखाना एक आणि खाती अनेक. प्रत्येक प्रथिन आपापल्या दालनात गेले तरच उपयोगी पडते. लयकारिकेत अन्नद्रव्ये विरघळवणारे विकर भलत्या ठिकाणी गेले, तर ते निरुपयोगी तरी ठरेल किंवा घातक तरी.

हा माल जातो कोणत्या वाटेने, हे प्रथम दाखवून दिले जॉर्ज पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्यांना त्यांनी केवळ ३ मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले आणि मग साधे. त्या ३ मिनिटांत तयार झालेल्या प्रथिनांवर जणू खूण उमटली. ती खूण प्रथम आंतर्द्रव्यजालिकेत म्हणजे पेशीतील पडद्यांच्या जाळ्यात दिसली, सुमारे २० मिनिटांनी गॉल्जी संकुलाच्या परिसरात, आणि सुमारे २ तासांनी पेशीबाहेर पडण्याच्या तयारीत असलेल्या कणिकांत. वाट ठरलेली होती आणि वेळही. पॅलाडे यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्यासोबत गौरवल्या गेलेल्या ख्रिस्तियन द दूव यांनी १९५५ मध्ये लयकारिकेचा शोध जाहीर केला होता. आपल्या कथेत या लयकारिकेचे स्थान पुढे येईल.

वाट कळली, पण प्रथिनाला ती वाट धरावयास सांगते कोण? गुंटर ब्लोबेल यांनी डेव्हिड साबातिनी यांच्यासह १९७१ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की पत्ता प्रथिनाच्या अंगावरच लिहिलेला असतो. तयार होणाऱ्या साखळीच्या अग्रभागी साधारणतः १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो तुकडा रायबोझोममधून डोके वर काढताच ओळखला जातो, संपूर्ण यंत्र आंतर्द्रव्यजालिकेच्या दाराशी नेले जाते, आणि साखळी आत सरकू लागली की पत्त्याचा तुकडा कापून टाकला जातो. चलनाची वरची प्रत दारावर फाडून घ्यावी तसे. मधुमेही वाचकांना परिचित असलेले इन्सुलिन हे याचे चांगले उदाहरण आहे. ते प्रथम ११० अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपाने बनते. पैकी पहिली २४ ही निव्वळ पत्त्याची. ती दाराशीच गळतात. उरलेल्या ८६ मधून पुढे कापणी होऊन रक्तात येते ते ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन.

ब्लोबेल यांना या कार्याबद्दल १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडे विषयांतर होईल, परंतु धर्मादाय संस्थेच्या अहवालात ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्लोबेल यांचे बालपण आज पोलंडमध्ये असलेल्या सायलेशियात गेले. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेन शहर बाँबहल्ल्यात जळाले, तेव्हा ते ८ वर्षांचे होते आणि त्या आगीचा उजेड त्यांनी दुरून पाहिला होता. पारितोषिकाची जवळजवळ सर्व रक्कम, सुमारे १० लाख डॉलर, त्यांनी त्या शहरातील उद्ध्वस्त झालेले मोठे चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनामंदिर पुन्हा उभारण्यासाठी देऊन टाकली.

दाराशी आत घेतलेला माल पुढे वाटला कसा जातो, हा निराळा प्रश्न. आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनाची घडी घातली जाते आणि त्यावर साखरेच्या लहान साखळ्या जोडल्या जातात. घडी बरोबर बसली नसेल तर ते प्रथिन पुढे सोडले जात नाही. परत नेऊन मोडले जाते. ही तपासणी फार कडक असते, आणि तिचा आमच्या विषयाशी निकटचा संबंध आहे हे थोड्याच वेळात दिसेल. तपासणीत उतरलेली प्रथिने इवल्या पुटिकांत भरून गॉल्जी संकुलाकडे जातात. तेथे साखरेच्या साखळ्यांवर अखेरचे संस्कार होतात आणि कोणाची रवानगी कोठे, हे ठरते. या पुटिकांची ने-आण कशी होते हे उलगडणाऱ्या जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस झ्यूडॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शेकमन यांनी हे काम पावाच्या यीस्टवर केले. माणसाच्या पेशीतील व्यवस्था यीस्टमध्येही असावी याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

लयकारिकेचा पत्ता कोणता, हे मात्र रोगी मुलांमुळे कळले.

लयकारिकेतील एखादे विकर नसले, तर ज्या पदार्थाचे विघटन त्याने करावयाचे तो पदार्थ पेशीत साचत जातो. असे पन्नासच्या आसपास रोग ज्ञात आहेत. त्यांपैकी हर्लर आणि हंटर अशा दोन वेगळ्या रोगांच्या मुलांच्या त्वचेतील पेशी एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये एकत्र वाढवल्या. दोन्ही प्रकारच्या पेशींतील साठा कमी झाला! एकीचे विकर बाहेर झिरपून दुसरीने आत घेतले होते आणि ते थेट लयकारिकेत पोचले होते. याचा अर्थ, पेशीबाहेर असलेले विकरदेखील पेशीच्या आत योग्य जागी जाऊ शकते. आमच्या विश्वस्तांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

उरलेले अर्धे एका तिसऱ्या, अतिशय दुर्मीळ रोगाने दिले. या रोगाच्या मुलांच्या पेशी गडद कणिकांनी खच्चून भरलेल्या दिसतात. पेशींच्या आत एक नव्हे, अनेक विकरांचा तुटवडा. आणि रक्तात मात्र तीच विकरे भरमसाट. हिशेबनिसाला हे चित्र ओळखीचे आहे. स्टोअरमधून माल निघाल्याची नोंद आहे, एकाही वॉर्डात तो आल्याची सही नाही, आणि खोकी फाटकाबाहेर पडलेली. १९७२ मध्ये हिकमन आणि न्यूफेल्ड यांनी दाखवले की निरोगी पेशींचे विकर या रोगी पेशी व्यवस्थित आत घेतात, परंतु रोगी पेशींनी बाहेर टाकलेले विकर इतर पेशी स्वीकारत नाहीत. दोष घेणाऱ्याकडे नव्हता. विकर तयार होत होते, त्यावर पत्ता लिहिला जात नव्हता. १९७७ मध्ये विल्यम स्लाय यांच्या गटाने तो पत्ताही शोधून काढला. विकरावरील साखरेच्या साखळीत मॅनोज नावाची साखर असते. तिच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. गॉल्जी संकुलातील ग्राही प्रथिने ही खूण ओळखतात आणि विकर लयकारिकेच्या पुटिकेत भरतात. फॉस्फेटची ही छाप उमटवणारे यंत्रच या मुलांत बिघडलेले असते.

आता गोशे रोगाकडे वळू. फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यांनी १८८२ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले तेव्हा त्यांना तो प्लीहेचा, म्हणजे पांथरीचा, अर्बुद वाटला होता. वस्तुतः होते ते असे. जुन्या रक्तपेशी मोडीत काढण्याचे काम प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा येथील भक्षक पेशी करतात. त्या रक्तपेशींच्या पडद्यांतील ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा स्निग्ध पदार्थ लयकारिकेतील एका विकराने तोडला जातो. हे विकर अपुरे पडले की पदार्थ साचतो, भक्षक पेशी फुगतात, पांथरी बेंबीच्या खाली उतरते, रक्त आणि रक्तबिंबिका घटतात, हाडे दुखतात व ठिसूळ होतात. विकराची ही उणीव रॉस्को ब्रॅडी यांनी १९६५ मध्ये सिद्ध केली.

आमच्याकडे येणारी मुले बहुधा मोठे पोट, फिकटपणा आणि नाकातून वारंवार रक्त येणे एवढ्या तक्रारी घेऊन येतात. त्याआधी हिवतापाचे उपचार होऊन गेलेले असतात, रक्त चढवून झालेले असते. एका आईने आमच्या समाजसेविकेस विचारले, "ताई, माझ्या लेकराच्या अंगात ते विकर बनतच नाही का हो?" या प्रश्नास डॉक्टरांनी दिलेले उत्तर आम्हांस विशेष वाटले. भारतीय रुग्णांत सर्वाधिक आढळणाऱ्या जनुकीय दोषात या विकराच्या ४९७ अमिनो आम्लांच्या साखळीत ४४४ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन बसते. विकर बनते. पण त्याची घडी बिघडते, आंतर्द्रव्यजालिकेतील तपासणीत ते अडकते आणि बरेचसे तेथेच मोडले जाते. लयकारिकेपर्यंत पोचते ते फार थोडे. येथे एक बारकावा सांगावयास हवा. वर सांगितलेली मॅनोज-फॉस्फेटची छाप हे विकर वापरीत नाही. त्याला लयकारिकेपर्यंत नेणारे वाहक प्रथिन निराळेच असून ते २००७ मध्ये ओळखले गेले. म्हणजे एकाच दालनाकडे जाण्याचे दोन परवाने आहेत.

उपचाराची कल्पना सरळ होती. विकर कमी आहे, तर बाहेरून द्यावे. ब्रॅडी यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतून हे विकर शुद्ध केले आणि १९७० च्या दशकात रुग्णांना दिले. गुण आला, पण विश्वासार्ह नव्हे. कारण शोधता असे दिसले की विकर यकृतात जात होते खरे, पण यकृताच्या मुख्य पेशींत. रोगग्रस्त भक्षक पेशींत नव्हे. माल गावात पोचला, घर चुकले! मग ध्यानात आले की भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज साखर ओळखणारे ग्राही असतात. विकरावरील साखरेच्या साखळीची टोके एकामागून एक कापून खालची मॅनोज उघडी केली, तेव्हा भक्षक पेशी ते विकर ओढून घेऊ लागल्या. आत घेतलेली पुटिका लयकारिकेतच रिती होते. असे विकर १२ रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले: पांथरी लहान झाली, हिमोग्लोबिन वाढले. त्याच वर्षी अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. वारेतून विकर काढण्यास हजारो वारा लागत. १९९४ पासून हे विकर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून तयार करून घेतले जाते. पाँपे रोगाच्या किंवा हर्लर रोगाच्या औषधांवर मात्र मॅनोज-फॉस्फेटचा पत्ता असतो. रोगाप्रमाणे पत्ता बदलतो.

तेव्हा विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की औषधाच्या अंगावर पत्ता लिहूनच ते कुपीत भरलेले असते. शिरेतून सोडल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण काही मिनिटांतच निम्म्यावर येते. भक्षक पेशी ते उचलून घेतात. प्रस्ताव त्यानंतरच्या बैठकीत मंजूर झाला.

परंतु या उपचाराच्या मर्यादा देणगीदारांपासून लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. विकराचा रेणू मोठा असल्याने तो रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही. वर सांगितलेला दोष ज्या मुलांना आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळतो, त्यांच्यापैकी अनेकांत मज्जासंस्थाही बाधित होते, आणि त्या त्रासावर हे औषध चालत नाही. पोट कमी होते, मूल शाळेत जाऊ लागते, पण डोळ्यांच्या हालचालींतील दोष किंवा झटके तसेच राहू शकतात. पालकांना हे प्रारंभीच सांगितले जाते. सांगण्याचे काम सोपे नसते.

दुसरी मर्यादा पैशाची. हे औषध जन्मभर घ्यावे लागते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०२२ मध्ये त्याखालील साहाय्याची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली. त्यासाठी नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे. आमच्या मुलांची कागदपत्रे तेथे जातात. औषध त्या मार्गाने मंजूर झाल्यास दर पंधरवड्याचे सलाईन मात्र घराजवळ, आमच्याकडे, देता येते. आईवडिलांची मजुरी बुडत नाही, मुंबईचा प्रवास वाचतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते. किलोमागे ६० एकक असे धरल्यास २० किलोच्या मुलास एका वेळी १२०० एकक, म्हणजे ४०० एककांच्या ३ कुप्या लागतात. ५० लाख ही रक्कम मोठी खरी, पण ती आयुष्यभर पुरणारी नाही हे सांगण्यास सनदी लेखापालाची गरज नसावी.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक सूचना. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच रोग होतो. एकाकडूनच आलेल्या व्यक्तीस सहसा हा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला रोग होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घराण्यांत आहे. अशा कुटुंबांत दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. यात कोणाचा अपराध नाही, आणि सुनेचा तर नाहीच नाही. पुढील गर्भारपणापूर्वी समाजसेवा कक्षात येऊन भेटावे. गर्भावस्थेत तपासणी करता येते. रोग झालेल्या मुलाच्या भावंडांची तपासणी रक्ताच्या अल्पशा नमुन्यावर होते.

शीतकपाट बालरोग विभागाच्या औषध खोलीत बसवले आहे. कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागत असल्याने ते जनित्राच्या स्वतंत्र वाहिनीस जोडले असून तापमानाची नोंद परिचारिका दिवसातून दोनदा करतात. गेल्या महिन्यात या खोलीतून आमच्याकडे दुरुस्तीचे एक इंडेंट आले. खोडलेल्या जागी प्रमुख परिचारिकांनी नियमाप्रमाणे सही केली होती आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते: मुलाचे वजन वाढले, ३ ऐवजी ४ कुप्या.